वर्गात डोळे चोळणारे मूल

चैत्र लागतो, उन्हे तापू लागतात, शाळा सकाळची होते आणि वार्षिक परीक्षेचे दिवस जवळ येतात. नेमक्या याच सुमारास प्राथमिक शाळेच्या वर्गांत एखाददुसरे मूल असे दिसू लागते की, ज्याचा हात डोळ्यांवरून निघतच नाही. ते मुठीने डोळे चोळते, बाहीने पुसते, पुन्हा चोळते. फळ्याकडे पाहताना त्याचे डोळे बारीक होतात. मैदानावरील उन्हात तर ते मान खाली घालूनच उभे राहते. शेजारची मुले त्याच्यापासून दूर सरकून बसतात. ‘डोळे आले आहेत, बरे झाल्यावर ये,’ असे सांगून शिक्षक त्यास घरी पाठवितात. घरी आजी काजळ घालते, आणि त्यानेही उतार पडला नाही म्हणजे वडील बाजारच्या दिवशी औषधाच्या दुकानातून एक लहानशी बाटली आणतात. तिचे दोन थेंब घातले की डोळे स्वच्छ होतात, मूल हसू लागते, आणि घरातील सर्वांस हायसे वाटते. मुलाच्या दृष्टीस खरा धोका उत्पन्न होण्याचा संभव असतो तो मात्र याच क्षणापासून. तो कसा, हे कळण्यासाठी डोळ्यांच्या लालीचे निरनिराळे प्रकार शिक्षकांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

लाल झालेला प्रत्येक डोळा हा ‘आलेला’ डोळा नसतो. ‘डोळे येणे’ हा सूक्ष्मजंतूंमुळे किंवा विषाणूंमुळे होणारा संसर्ग होय, व तो एकापासून दुसऱ्यास होतो. याउलट वर वर्णिलेल्या मुलाचा विकार हा बहुधा वावड्याचा असतो. एखाद्यास वांगे किंवा कोळंबी खाल्ली असता अंगावर पित्त उठते, त्यास आपल्याकडे वावडे म्हणण्याची जुनी रीत आहे. शास्त्रीय परिभाषेत त्यासच अधिहर्षता व व्यवहारात ॲलर्जी असे म्हणतात. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली रूढ केला. जी वस्तू दहाजणांस निरुपद्रवी ठरते तिलाच अकराव्याचे शरीर शत्रू समजून तिच्याशी झगडू लागते, असा या अवस्थेचा थोडक्यात अर्थ आहे. शरीराचा हा झगडा डोळ्यांत घडला, म्हणजे नेत्रवावडे होते. ते एकापासून दुसऱ्यास कदापि होत नाही.

पापण्यांच्या आतील बाजूवर आणि बुबुळाभोवतालच्या पांढऱ्या भागावर एक पातळ, पारदर्शक आवरण असते. त्यास नेत्रश्लेष्मला म्हणतात. या आवरणात मास्ट पेशी नावाच्या असंख्य पेशी असून त्यांच्या पोटात हिस्टामीन नावाचे द्रव्य कणांच्या रूपाने साठविलेले असते. वावडे असलेल्या मुलाच्या मास्ट पेशींवर विशिष्ट प्रतिपिंडे जणू पहारेकऱ्याप्रमाणे बसलेली असतात. ठराविक पराग किंवा धुळीचा कण अश्रूंत विरघळून त्या प्रतिपिंडांस जाऊन चिकटला की पेशी फुटल्यासारखी होते व हिस्टामीन बाहेर पडते. हे सर्व काही मिनिटांत घडते. रक्तवाहिन्या रुंदावून डोळा लाल होतो, त्यांतून द्रव पाझरून पापण्या सुजतात, आणि मज्जातंतूंची टोके चेतविली जाऊन अनावर खाज सुटते. यातील एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. डोळा चोळला असता त्या दाबानेच आणखी मास्ट पेशी फुटतात व अधिक हिस्टामीन मोकळे होते. म्हणजे चोळल्याने क्षणभर बरे वाटते खरे, परंतु पुढच्या क्षणी खाज दुपटीने वाढते. ‘चोळू नकोस’ असे मुलास दहादा बजावूनही ते चोळतेच, याचे कारण त्याचा हट्ट नसून हे दुष्टचक्र होय. त्यासाठी मुलास शिक्षा करणे सर्वथा अनुचित आहे.

या विकाराचा शोध ज्यांनी घेतला त्यांनी तो स्वतःच्या डोळ्यांवरच घेतला. लंडन येथील डॉक्टर जॉन बॉस्टॉक यांनी १८१९ साली तेथील वैद्यकसभेपुढे डोळे व छाती यांच्या, दर उन्हाळ्यात उलटणाऱ्या एका विकाराचे वर्णन वाचून दाखविले. तो रोगी म्हणजे ते स्वतःच होते, आणि हा त्रास त्यांस वयाच्या आठव्या वर्षापासून, म्हणजे आपल्याकडील तिसरीतील मुलाच्या वयापासून, होत होता. त्याचे कारण उन्हाची उष्णता असावे असा त्यांचा समज होता. पुढे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅक्ली यांनी गवताचे पराग स्वतःच्या नाकाडोळ्यांत घालून पाहिले, चिकट काचा पतंगास बांधून उंच हवेतील पराग गोळा केले, आणि उन्हाळ्यातील त्या विकाराचे कारण पराग हेच असल्याचे १८७३ साली ग्रंथरूपाने सिद्ध केले. शाळेच्या बागेतील गुलाब आणि झेंडू यांस मात्र याबद्दल उगाच दोष दिला जातो. रंगीत फुलांचे पराग जड व चिकट असून ते कीटकांच्या अंगावरून प्रवास करतात. वाऱ्यावर स्वार होऊन डोळ्यांत शिरणारे पराग प्रामुख्याने गवतांचे व डोळ्यांत न भरणाऱ्या साध्या फुलोऱ्याच्या वनस्पतींचे असतात.

परागांखेरीज घरातील धूळ हेही मोठे कारण आहे. गाद्या, गोधड्या व उशा यांत डोळ्यांस न दिसणारे अतिसूक्ष्म धूळकिडे राहतात व मनुष्याच्या त्वचेच्या गळालेल्या कोंड्यावर उपजीविका करतात. त्यांच्या विष्ठेचे कण श्वासावाटे व डोळ्यांवाटे शरीरात शिरतात. दमट हवेत हे किडे फार वाढतात. म्हणून कोकणातील मुलास हा त्रास बारमाही असू शकतो, तर देशावरील मुलास तो ऋतूप्रमाणे कमीअधिक होतो.

संसर्ग आणि वावडे यांतील भेद ओळखण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. मुलास एकच प्रश्न विचारावा. ‘डोळा खाजतो, की खुपतो?’ वावड्याचा डोळा खाजतो. किंबहुना खाज नसेल तर ते वावडे नव्हे असे समजण्यास प्रत्यवाय नाही. त्यात दोन्ही डोळे एकाच वेळी धरतात, पाणी वाहते, पांढरी, चिकट व सुतासारखी लांब ओढली जाणारी चिपडे येतात, पुष्कळदा सोबत शिंकाही असतात, आणि ‘गेल्या वर्षीही याच दिवसांत असे झाले होते’ असे आई सांगते. विषाणूंमुळे डोळे आले असता प्रथम एक डोळा व एकदोन दिवसांनी दुसरा लाल होतो, वाळू गेल्यासारखे खुपते, जळजळते, आणि घरात किंवा शेजारी आणखी कोणाचे तरी डोळे आलेले असतात. जंतूंमुळे आलेल्या डोळ्यांत पिवळा पू असतो व सकाळी पापण्या चिकटलेल्या आढळतात. महाराष्ट्रात २०२३ सालच्या जुलैमध्ये डोळ्यांची मोठी साथ पसरली होती. पुण्यानजीक आळंदी येथे तिने शाळकरी मुलांस विशेषेकरून गाठले. अशा साथीत मुलास घरी ठेवणे योग्यच असते. परंतु डोळे आलेल्या मनुष्याकडे नुसते पाहिल्याने डोळे येतात ही समजूत निराधार आहे. संसर्ग पसरतो तो हात, टॉवेल, रुमाल व उशी यांच्याद्वारे.

जुन्या काळी डोळ्यांच्या अशा सर्व विकारांस सरसकट ‘खुपऱ्या’ म्हणत. खरी खुपरी हा जंतुजन्य रोग असून त्याने आपल्या देशात पुष्कळांस अंधत्व आणले. १९६३ सालापासून देशभर चाललेल्या प्रयत्नांअंती सार्वजनिक आरोग्याची समस्या या दृष्टीने खुपरीचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली मान्य केले. आज पापणीखाली फोड दिसणाऱ्या शाळकरी मुलास बहुधा खुपऱ्या नसून वावड्याचा एक तीव्र प्रकार झालेला असतो, आणि त्याचीच माहिती शिक्षकांस सर्वांत अधिक उपयोगी आहे.

या प्रकारास वासंतिक नेत्रदाह म्हणतात. नाव वसंताचे असले तरी आपल्या उष्ण, कोरड्या व धुळीच्या मुलखात तो ग्रीष्मभर टिकतो, आणि काही मुलांचा वर्षभर पिच्छा सोडीत नाही. तो बहुधा पाच ते पंधरा वर्षांच्या वयात होतो. मुलींपेक्षा मुलांत कितीतरी अधिक आढळतो. आणि वयात आल्यावर बहुतेकांच्या बाबतीत आपोआप ओसरतो. म्हणजे प्राथमिक शाळेचे वय हेच या विकाराचे वय होय. वरची पापणी उलटून पाहिली असता आत फरसबंदीसारखे चपटे, टणक फोड दिसतात. डोळ्याचा पांढरा भाग मातकट होतो, बुबुळाच्या कडेस चिकासारखी जाड कड येते, आणि उजेड मुळीच सहन होत नाही. सकाळी उठल्याबरोबर डोळे उघडणे हेच अशा मुलास एक संकट असते. शाळेस उशीर करणारा, खिडकीकडे पाठ करून बसणारा, खेळाच्या तासाला झाडाच्या सावलीत थांबणारा मुलगा आळशी ठरविला जातो; वस्तुतः त्यास प्रकाश बोचत असतो. उपचाराअभावी पापणीतील खरखरीत फोड बुबुळावरील पारदर्शक पटलावर, म्हणजे स्वच्छमंडलावर, घासून तेथे व्रण पडू शकतो. शिवाय वर्षानुवर्षे डोळे चोळल्याने स्वच्छमंडल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याचा संभव असतो. मग चष्म्याचा क्रमांक दर काही महिन्यांनी बदलतो आणि अखेर चष्म्यानेही स्पष्ट दिसत नाही. चोळणे ही केवळ वाईट खोड म्हणून सोडून देऊ नये, ते याकरिता.

उपचारांत पहिले स्थान गार पाण्याचे आहे. स्वच्छ रुमालाची घडी माठातील गार पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर पाचदहा मिनिटे ठेवली असता रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व खाज शमते. खाज सुटली की हात डोळ्याकडे न नेता पाण्याच्या माठाकडे जावे, ही सवय शाळेत सहज लावता येते; त्यासाठी मुलास तासाच्या मध्येच उठण्याची परवानगी मात्र असली पाहिजे. मैदानावरून आल्यावर हात व तोंड धुतल्याने चेहऱ्यावरील पराग व धूळ निघून जाते. उन्हात पुढे झाप असलेली टोपी घालावी. घरी अंथरूण-पांघरूण वरचेवर कडक उन्हात वाळवावे व चादरी-अभ्रे गरम पाण्यात धुवावेत. वर्ग झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे, फळा कोरड्या डस्टरऐवजी ओलसर फडक्याने पुसावा, आणि डस्टर झटकण्याचे काम वावडे असलेल्या मुलाकडे तरी देऊ नये. खडूच्या भुकटीचे वावडे असते असे नव्हे, परंतु आधीच हुळहुळलेल्या डोळ्यास तिचा उपद्रव होतो. चुलीच्या धुराचेही तसेच आहे.

शाळेच्या आवारातील गाजर गवताविषयी येथे स्वतंत्रपणे लिहिणे अवश्य आहे. काँग्रेस गवत या नावानेही ओळखली जाणारी ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती १९५०च्या दशकाच्या मध्यास पुण्यात प्रथम वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेस आली, आणि तेथून पाहता पाहता तिने देश व्यापला. तिच्या परागांनी नाकाडोळ्यांस वावडे होते, तसेच तिच्या नुसत्या स्पर्शाने व हवेत उडणाऱ्या वाळक्या कणांनी कित्येकांच्या हातांवर, मानेवर आणि पापण्यांवर कातडी जाड करणारा दाह उठतो. श्रमदानाच्या तासाला मुलांकडून हे गवत उघड्या हातांनी उपटून घेण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. हेतू स्तुत्य असला तरी ही प्रथा बंद झाली पाहिजे. गवत फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, मोठ्या माणसांनी हातमोजे घालून व नाकातोंडास फडके बांधून ते मुळासकट काढावे, आणि मुलांस त्या वेळी दूर ठेवावे.

एवढ्याने भागले नाही तर औषधी थेंबांची गरज पडते. येथे दोन जातींतील अंतर समजून घेतले पाहिजे. ओलोपॅटाडीन किंवा केटोटिफेन यांसारखे थेंब हिस्टामीनचा परिणाम रोखतात व मास्ट पेशींस स्थिर करतात. क्रोमोग्लायकेट या औषधाचाही मास्ट पेशींवर तसाच परिणाम होतो. परंतु त्याचा गुण दिसावयास आठवडा-दोन आठवडे लागतात, व ते दिवसातून चार वेळा नियमाने घालावे लागते. हा विलंब ठाऊक नसल्यामुळे पालक तिसऱ्या दिवशीच ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून ते टाकून देतात. ज्यांचा त्रास दर वर्षी ठराविक महिन्यात उद्भवतो त्यांनी तो सुरू होण्याच्या अगोदर डॉक्टरांस भेटणे म्हणूनच श्रेयस्कर. ही औषधे मुलांच्या डोळ्यांत दीर्घकाळ घातली तरी सामान्यतः अपाय करीत नाहीत.

दुसरी जात स्टेरॉइडांची. आरंभी उल्लेखिलेली दुकानातील बाटली बहुधा याच जातीची असते. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही त्यांतील नेहमी आढळणारी नावे. ‘सोन’ किंवा ‘सोलोन’ असा शेवट वेष्टनावर दिसला की सावध व्हावे. पुष्कळदा ते एखाद्या प्रतिजैविकाशी मिसळलेले असते, त्यामुळे पालकांस ते साधे जंतुनाशक औषध वाटते. स्टेरॉइड दाहाचे मूळ कारण दूर करीत नाही. ते केवळ शरीराची प्रतिक्रिया दडपून टाकते, म्हणूनच त्याचा गुण इतका झटपट दिसतो. तीव्र विकारात नेत्रतज्ज्ञ ते थोड्या दिवसांसाठी देतात, आणि प्रत्येक भेटीत डोळ्यातील दाब मोजतात. परंतु बाटली संपली की त्याच नावाची दुसरी, ती संपली की तिसरी, असे महिनोन् महिने चालू राहिले, तर अनेकांच्या डोळ्यांतील दाब वाढतो, आणि लहान मुलांत तो लवकर व अधिक वाढू शकतो. यासच काचबिंदू म्हणतात. त्यात डोळा दुखत नाही, लाल होत नाही. उलट बाटलीमुळे तो अधिकच स्वच्छ दिसतो. आधी कडेची दृष्टी जाते, मूल वाटेत दाराच्या चौकटीस किंवा मित्रांच्या खांद्यास धडकू लागते, आणि समोरचे दिसेनासे होईपर्यंत कोणासही शंका येत नाही. वावड्याने स्वतः होऊन क्वचितच दृष्टी जाते. उपाय म्हणून आणलेल्या बाटलीने ती गेल्यास मात्र पुन्हा येत नाही. याच औषधाने अकाली मोतीबिंदूही होतो. तो शस्त्रक्रियेने काढता तरी येतो. आता टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरीन यांसारखी, स्टेरॉइड नसलेली औषधे तीव्र वासंतिक दाहासाठी उपलब्ध आहेत. तथापि तीही नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात.

काजळ, सुरमा, मध, एरंडेल, अंगावरचे दूध यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. त्यांनी वावडे बरे होत नाही, बोटावाटे जंतू मात्र आत जातात. आणि पारंपरिक सुरमा पुष्कळदा शिशाच्या खनिजापासून बनविलेला असतो. एकाची बाटली दुसऱ्यास वापरणे आणि उघडून महिना लोटलेली बाटली ठेवून देणे, हेही टाळावे.

काही प्रसंगी डोळा लाल होण्याचे कारण बाहेरून आलेली वस्तू असते, आणि तेथे घटकेचाही विलंब चालत नाही. त्यांत सर्वांत भयंकर म्हणजे चुना. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी किंवा डबी दाबताना ती फुटून चुना मुलांच्या डोळ्यांत उडतो. चुना हा तीव्र क्षार असून तो स्वच्छमंडलात खोलवर शिरत जातो. अशा वेळी वाहनाची किंवा पालकांची वाट न पाहता, जे स्वच्छ पाणी हाताशी असेल त्याने डोळा तत्काळ धुवावयास लागावे. मुलास आडवे करून, दोन बोटांनी पापण्या उघड्या धरून, तांब्यातांब्याने निदान अर्धा तास धार धरावी. पापणीच्या आत चिकटलेले कण ओल्या कापसाच्या बोळ्याने अलगद काढावेत. आणि त्यानंतरच मुलास रुग्णालयात न्यावे. चुन्यावर उतारा म्हणून लिंबाचा रस कदापि घालू नये. रंगपंचमीचा रंग, साबण किंवा शेतातील औषधाचा फवारा डोळ्यांत गेल्यास याच रीतीने धुवावे. सुगीच्या दिवसांत डोळ्यांत कुसळ किंवा धाटाचे पान लागले तर प्रकार निराळा होतो. अशा जखमेत बुरशी वाढून स्वच्छमंडलावर पांढरा डाग पडू शकतो, आणि अशा डोळ्यात घरात उरलेले स्टेरॉइड घातल्यास बुरशीस जणू खतपाणीच मिळते. मूल एकच डोळा धरून बसले असेल, डोळा दुखत असेल, दिसणे कमी झाले असेल किंवा बुबुळावर पांढुरका ठिपका दिसत असेल, तर वावड्याचा विचार सोडून त्याच दिवशी त्यास नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.

बाकीच्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा करून घेता येते. हा कार्यक्रम २०१३ साली पालघर येथे सुरू झाला, आणि त्याचे वैद्यकीय पथक वर्षातून एकदा सरकारी शाळांस भेट देते. पथक येण्यापूर्वी डोळे चोळणाऱ्या मुलांची नावे शिक्षकांनी वेगळी टिपून ठेवल्यास तपासणीच्या गर्दीत ती सुटत नाहीत, कारण त्या विशिष्ट दिवशी डोळा शांतही असू शकतो. नावासमोर त्रास कोणत्या महिन्यात होतो, तो किती वर्षांपासून आहे, सोबत शिंका किंवा दमा आहे काय, आणि आजवर कोणते थेंब किती काळ घातले, एवढे लिहावे. यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलास बहुधा सांगता येत नाही. त्यास घरातील सर्व बाटल्या, रिकाम्या झालेल्या असल्या तरी, कागदात गुंडाळून शाळेत आणावयास सांगावे व त्या जशाच्या तशा डॉक्टरांपुढे ठेवाव्यात.